गमरेकाकांचं परराष्ट्र खातं

गमरेकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं असेल, असं मला वाटत नाही. आमच्या सोसायटीत हे म्हणजे नवलच. खारघरला आमच्या मजल्यावर माणूस दार उघडायच्या आधी आतूनच 'नको' म्हणून ओरडतो. काका मात्र दारावर आलेल्या सेल्समनलाही 'बघतो हं' म्हणत, आणि तो बिचारा समाधानाने पुढची बेल दाबायला जाई.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहणारी. कामोठ्याच्या शाळेत मराठी शिकवते आणि तोंडाची फटकळ आहे, हे माझा नवराच काय, माझे मुख्याध्यापकही सांगतील. अशा बाईला असा शेजार मिळावा, ही देवाची गंमतच म्हणायची. काका जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही कुणावर तोंड सोडायला निघाले की समोरच्या बंद दाराकडे नजर जाते आणि जीभ आवरते. नेहमी आवरते असं नाही, पण आवरते.

त्यांची पहिली ओळख झाली ती उसळीने. नवीन राहायला आले, एकटेच, म्हणून मी वाटीभर डाळिंब्यांची उसळ नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी लख्ख घासून परत आली, आत खजूर. मी विचारलं, "उसळ कशी झाली होती, काका?"

काका म्हणाले, "विचार करायला लावणारी होती."

मी आठवडाभर हवेत! मग पुण्याहून त्यांची मुलगी आली, तिला कौतुकाने सांगितलं, तर ती पोट धरून हसायला लागली. "अहो मावशी, बाबा 'विचार करायला लावणारी' म्हणाले ना? म्हणजे मीठ जास्त झालं होतं." मी रागावून काकांना जाब विचारला, तर म्हणतात कसे, "मिठावरही विचार करता येतो की, बाई."

असा माणूस! सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचा. वॉचमनला, केजीतल्या पोरांना, जिन्यात झोपणाऱ्या मांजरालाही. "तुम्ही जरा बाजूला होता का?" असं मांजराला विचारून ते खरंच वाट बघत उभे राहायचे. आणि गंमत म्हणजे ती भवानी आम्हा कुणाला दाद द्यायची नाही, पण त्यांना वाट द्यायची.

काका परराष्ट्र खात्यात होते. चिपळूणकडच्या एका खेड्यातून आलेले, कारकून म्हणून चिकटले आणि चढत चढत वकिलातीतले अधिकारी होऊन निवृत्त झाले. सोसायटीत सगळे त्यांना राजदूतच समजायचे. ते लगेच दुरुस्त करत. "राजदूत झेंडा लावलेल्या गाडीतून जातात. त्या गाडीची धूळ खात जो मागे उभा असतो, तो मी." परदेशात आपला माणूस मेला, तुरुंगात गेला, पासपोर्ट हरवून रस्त्यावर आला, की ते प्रकरण त्यांच्या टेबलावर यायचं. "मेजवान्या वरच्या मजल्यावर," ते म्हणायचे, "खाली माझ्याकडे मयतं."

त्यांचा एक नियम मला सुरुवातीला ढोंग वाटायचा. ते कुठल्याही देशाचं नाव घेऊन वाईट बोलत नसत. चांगलं सांगायचं असेल तर नाव घ्यायचे. तिथली फळं, तिथली माणसं, तिथल्या म्हाताऱ्या सगळं नावानिशी. पण कुठे अपमान झाला, कुठे कुणी छळलं, तर तो नुसता 'एक देश'. मी टोचायची, "सांगा की काका, कुठला? आता तर रिटायर झालात!" तर म्हणायचे, "देश काही रिटायर होत नाही, बाई. उद्या आपलंच कुणीतरी तिथे जाणार असतं." म्हणून पुढे जी हकीकत सांगते आहे, तिच्यातल्या देशाचं नाव मीही घेणार नाही. समुद्रापलीकडे, लांब, लहानसा देश. आपली तिथे वकिलातही नाही. शेजारच्या देशातला आपला राजदूतच त्यांचंही बघतो, आणि काका काही वर्षं त्या वकिलातीत होते.

तर त्यांची कामाची पद्धत आम्ही आधी पार्किंगच्या भांडणात पाहिली. आमचे पाटील इथले मूळ गावचे, शहर वसवायला जमीन गेली तेव्हा फ्लॅट घेतला. त्यांचं आणि बी विंगच्या देशमुखांचं एका खांबाच्या जागेवरून वाजलं. दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सेक्रेटरी थकला, पोलीस येऊन गेले. काकांनी दोघांना चहाला बोलावलं. खुर्च्या अशा मांडल्या, की कुणीच डोक्याशी नाही आणि कुणीच पायाशी नाही. मला पोहे करायला सांगितलं होतं म्हणून मीही तिथे.

पाटील आल्या आल्या म्हणाले, "काका, आदीच सांगतो, माजी गारी हितनं हटायची नाय मंजे नाय."

"गाडीचं बघू," काका म्हणाले. "तुमचं कशावरून भांडण नाही, तेवढं आधी ठरवू या."

असला प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. बराच वेळ खल होऊन दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की वॉचमनचा रेडिओ फार मोठा वाजतो. काकांनी तेवढ्यावरच दोघांचे हात मिळवून दिले. दोघं मिळून वॉचमनला सांगायला खाली गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा एका लिफ्टमधून! खांबाची जागा सुटायला पुढे चार महिने लागले, पण सुटली. बिचाऱ्या वॉचमनला मात्र काकांनी इअरफोन आणून दिले.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग विनयचं झालं.

आमच्या इकडे सीवूड्सपासून कामोठ्यापर्यंत प्रत्येक बिल्डिंगमध्ये जहाजावरचा एखादा माणूस असतोच. आमच्या खालच्या मजल्यावरचा विनय इंजिनीअर होता. त्याचं जहाज त्या लहान देशाच्या बंदरात लागलं आणि मालक कंपनी गायब झाली. फोन बंद, ऑफिसला कुलूप. तिथल्या कोर्टाने जहाज अडकवलं. आता अडकवलेलं जहाज बिनमाणसांचं ठेवता येत नाही, वाऱ्याने भरकटलं तर दुसऱ्यांवर आदळेल. म्हणून बदली माणसं मिळेपर्यंत खलाशांनी जहाजावरच राहायचं, आणि पासपोर्ट बंदर कचेरीत जमा. बदली माणसं आणणार कोण? कुणीच नाही. किनारा डोळ्यांसमोर दिसतोय आणि उतरायची परवानगी नाही. पाणी मोजून, जेवण म्हणजे नुसता भात. महिन्यांवर महिने गेले. विनयची बायको सुजाता वाळत चालली होती. चार वर्षांची लेक 'बाबा कधी येणार' विचारायचीही थांबली, ते तर बघवत नव्हतं.

सुजाता काकांकडे आली. काका म्हणाले, "बघतो."

आणि खरंच बघत होते. रोज दुपारी त्यांच्या घरातून परक्या भाषेत फोनवर बोलल्याचा आवाज यायचा. आपल्या वकिलातीतल्या पोरांना ते ईमेल करत, तिकडच्या जुन्या ओळखी धुंडाळत. पण दिसायला काही दिसेना. शेवटी एकदा कळलं, की बंदर कचेरी स्थानिक माणसं जहाजावर ठेवून आपल्या लोकांना सोडायचा विचार करते आहे. "विचार करते आहे म्हणजे?" सुजाताने विचारलं. काका म्हणाले, "म्हणजे आता आपण आवाज करायचा नाही."

पण आवाज झालाच. पाटलांचा जीव विनयवर. त्यांच्या पोरांनी गेटसमोर निषेध ठेवला. त्या देशाचा मोठ्ठा झेंडा फ्लेक्सवर छापून आणला आणि रस्त्यावर अंथरला, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाय देऊन जावं म्हणून. रिक्षा त्याच्यावरून जात होत्या, पोरं नाचत होती, मोबाइलवर शूटिंग चाललेलं. तेवढ्यात काका भाजीची पिशवी घेऊन आले.

त्यांनी पिशवी कडेला ठेवली आणि भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले. सत्तरीच्या पुढचा माणूस! रिक्षा करकचून थांबली. ते हातांनी त्या फ्लेक्सचे चिकटवलेले कोपरे सोडवायला लागले.

"काका, कनाला उचलताव?" पाटील ओरडले. "आपला मानूस डांबलाय त्यांनी!"

"डांबलाय बंदर कचेरीने," काका खालूनच म्हणाले. "हा झेंडा शाळेतल्या मुलांचा पण असतो हो."

तेव्हा सुजाता गर्दीतून पुढे आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात, काका? इतके महिने नुसतं बघतो, बघतो! तुमचं माणूस तिथे असतं म्हणजे कळलं असतं तुम्हाला!"

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." एवढंच. फ्लेक्सची घडी केली, छातीशी धरली आणि आत गेले. भाजीची पिशवी मी उचलून आणली. संध्याकाळी पाहते तर त्यांच्या गॅलरीत, त्यांच्या बनियन-टॉवेलच्या शेजारी, तो परका झेंडा धुऊन वाळत टाकलेला. मला तेव्हा त्यांचा खरं सांगायचं तर रागच आला होता. आपलं पोर अडकलंय आणि हे दुसऱ्याचे झेंडे धुतायत!

पण व्हिडिओ जायचा तिथे पोचला. विनयचा फोन आला, रडवेला. तिकडच्या टीव्हीवर दाखवलं, लोक खवळले, आणि बंदर कचेरीचा विचार जिथल्या तिथे थांबला. पाटील तर लहान पोरासारखे रडले. "म्या मारला त्याला, काका," म्हणत राहिले. काकांनी त्यांना पाणी दिलं. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य, जे मी शंभरदा म्हटलं असतं, ते त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही.

मग एके सकाळी बेल वाजली. दारात काका, काळा बंदगळा कोट, मे महिन्यात! डोळे लाल.

"त्या देशाचे जुने अध्यक्ष वारले," ते म्हणाले. "फार मोठा माणूस. लोक त्यांना आजोबा म्हणायचे. आपल्याला दुखवट्याला जायचंय."

"आपल्याला? कुठे?"

तर मुंबईत फोर्टला त्या देशाचे मानद वाणिज्यदूत होते. म्हणजे असं, की लहान देशांना गावोगाव कचेऱ्या परवडत नाहीत. मग तिथलाच एखादा प्रतिष्ठित गृहस्थ मानाने त्यांचं काम बघतो. इथे ते एक मेहता म्हणून वयस्कर व्यापारी होते. देशाचा मोठा माणूस गेला की अशा कचेरीत फोटो ठेवतात, फुलं ठेवतात आणि एक वही ठेवतात. येणारा तिच्यात दोन ओळी लिहून सही करतो.

"आमच्या गावी एक म्हण आहे," काका म्हणाले. "लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये, मयताला बोलावण्याची वाट बघू नये. कितीही वैर असलं तरी. पाटलांना विचारा, त्यांच्याकडेही तेच असेल."

पाटलांनी भाच्याची शाळेची बस काढली. आम्ही तीसेक जण निघालो, पांढरे कपडे, बायका साध्या साड्यांत. देशमुखही आले. वाशीचा पूल ओलांडला तसे काका बसमध्ये उभे राहिले आणि त्यांनी एकच गोष्ट बजावली. "तिथे जहाजाचं नाव काढायचं नाही. विनयचं नाव काढायचं नाही. विचारलं तरी नाही. मयताच्या घरी कुणी काही मागत नाही."

सुजाताने खिडकीबाहेर बघितलं. मी मनात म्हटलं, काका, हे जरा अतीच मागताय तुम्ही.

कचेरी म्हणजे जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. टेबलावर एका हसऱ्या काळ्यासावळ्या म्हाताऱ्याचा फोटो, निशिगंधाचा हार, आणि कोरी वही. कोरी! त्या देशाला इथे ओळखतो कोण? मेहता खुर्चीत डुलक्या घेत होते, आमची रांग बघून धडपडत उठले. काका फोटोसमोर गेले, मान खाली घालून उभे राहिले. उगाच उभं राहायचं म्हणून नाही. त्या परक्या भाषेत ते फोटोशी हलकेच काही बोलले. ते त्या माणसाला खरोखर भेटलेले होते, खरोखर रडत होते, हे तेव्हा मला समजलं.

पाटलांची पाळी आली तसे ते घाबरले. "काका, काय लिवू?"

"गावात मयताला गेल्यावर काय म्हणता?"

"म्हनतो... मानूस चांगला व्हता."

"तेच लिहा. खरं आहे ते."

पाटलांनी मराठीत तेच लिहिलं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर.

मग सुजाता बसली. पेन हातात घेतलं. मेहता अदबीने वाकून म्हणाले, "बेन, आप लोग कहाँ से आये? आप जानती थीं इनको?"

बोलायला याहून चांगली संधी कुठली? ज्याच्या एका फोनवर तिकडे हालचाल होऊ शकत होती, तो माणूस हातभर अंतरावर, आपणहून विचारत होता. तिने एकदा काकांकडे पाहिलं. काका फोटोकडे बघत होते. ते तिला खुणावतही नव्हते. सगळं तिच्यावर सोडलं होतं त्यांनी.

"खारघर से आये हैं," सुजाता म्हणाली. "आपके घर में दुख हुआ है, इसलिए."

आणि सही करून उठली. बाई गं! मी शिक्षिका आहे, रोज पोरांना संयमावर निबंध लिहायला देते. संयम कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

परतताना बसमध्ये ती कोसळली. "मी बोलायला हवं होतं! तो समोर होता, आणि मी... काय केलं मी!" काका तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "सुजाताबाई, भल्याभल्या राजदूतांना हे जमत नाही." मग हळूच म्हणाले, "मला खात्री नाही. चुकलो असेन तर तुमचा गुन्हेगार आहे मी." बंदगळ्याचं एकच बटण ते पुनःपुन्हा काढत होते, लावत होते. तोवर मला वाटायचं, हा माणूस घाबरत कसा नाही. तो घाबरत होता. फक्त बंदगळ्याच्या आत.

पाचव्या दिवशी मेहता स्वतः खारघरला आले, गाडी घेऊन, पत्ता शोधत. वहीची पानं त्यांनी रिवाजाप्रमाणे तिकडे पाठवली होती. जगभरातल्या त्यांच्या लहान कचेऱ्यांत कुठे दोन सह्या, कुठे चार. आणि मुंबईतून ही पानंच्या पानं, न वाचता येणाऱ्या लिपीत! तिकडून विचारणा झाली, ही कोण माणसं? त्यांनी मराठी मजकुराचा अर्थ मागवला होता. मेहता पाटलांच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ये उनको बहुत छू गया." मग त्यांनी विचारलं, इतके लोक का आले? तेव्हा, आपल्या घरी, आपला चहा पुढे ठेवून, काकांनी विनयचं नाव काढलं. झेंड्याचंही सांगितलं, काही न लपवता. पाटील मान खाली घालून उभे होते.

पुढे चक्रं फिरली. बंदर कचेरीने जहाजावर आपली माणसं ठेवली, शेजारच्या देशातल्या आपल्या वकिलातीतला अधिकारी जाऊन कागद करून आला. आता हे सगळं त्या वहीनेच झालं का, देव जाणे. वकिलातीतली पोरंही राबली होती, कोर्टाची तारीखही लागली होती. काकांना विचारलं, तर म्हणाले, "विचार करायला लावणारा प्रश्न आहे, बाई."

विनय आला तो दिवस! गेटपासून फटाके. घरात पाय ठेवायला जागा नाही. पोरगा हाडांचा सापळा झालेला, दाढी वाढलेली, लेकीला खाली ठेवायला तयार नाही. आणि बोलताना त्याचा बांध फुटला. तो देश, ती माणसं, एकजात हलकट. त्याने नाव घेऊन घेऊन शिव्या घातल्या. आणि त्याला अधिकारच होता. आम्हीही साथ देत होतो, मी सगळ्यात पुढे. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाण्याचा पेला घेऊन बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विनय, तिथे तुमच्याशी कुणी चांगलं वागलं का हो?"

विनय बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "एक होडीवाला होता. म्हातारा. रात्री चोरून यायचा, पाण्याचे कॅन द्यायचा, लिंबं द्यायचा. घरी फोन करायला स्वतःचा मोबाइल द्यायचा. पकडला गेला असता तर होडी गेली असती त्याची." त्याने लेकीला आणखी जवळ धरलं. "त्याला सांगताही आलं नाही. एकदम पहाटे उतरवलं आम्हाला."

"मग तुम्ही घरी पोचलात हे त्यांना माहीत नाही?"

"नाही."

"काळजीत असतील की," काका म्हणाले. "पोचल्याचा फोन करायला हवा."

सुजाता ताडकन उठली. "नंबर आहे माझ्याकडे! त्याच नंबरवरून तर फोन यायचे!" तिने लावला, स्पीकरवर ठेवला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग एक घोगरा म्हातारा आवाज आला. विनयने मोडक्यातोडक्या चार शब्दांत आपलं नाव सांगितलं. पलीकडून एवढी मोठी आरोळी आली, की लेक दचकली. म्हातारा तिकडे कुणाकुणाला हाका मारत होता, बायका, पोरं, सगळी फोनवर गोळा झाली असावीत. विनयला पुढे शब्द सुचेना. त्याने फोन काकांच्या हातात दिला.

काका उठून उभे राहिले. शर्टचं वरचं बटण लावलं. आणि त्या भाषेत बोलायला लागले, सावकाश, अदबीने, जणू समोर राष्ट्राध्यक्षच आहेत. तिकडून म्हातारा काहीतरी पुनःपुन्हा, हट्टाने सांगत होता. त्यांनी चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले.

"काय म्हणतायत ते?" सुजाताने विचारलं.

"म्हणतायत," काका म्हणाले, "पोरगा फार वाळलाय. त्याला नीट जेवायला घाला."

सुजाता फोनजवळ गेली, अगदी जवळ. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सांगा त्यांना, काका. म्हणावं, घालते."

आणि काकांनी सांगितलं.